शिकारी महाराज आणि रानातील वाटाडे

निपाणीहून कोल्हापुरास जाताना वाटेत कागल लागते. तेथील घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले व शाहू छत्रपती झाले. राजकोट व धारवाड येथे शिक्षण घेऊन २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. आज आपल्या बेळगाव जिल्ह्यात असलेले रायबाग तेव्हा त्यांच्याच संस्थानात होते.

महाराजांना शिकारीचा मोठा नाद होता. माळावर शिकवलेले चित्ते हरणांवर सोडावेत, दाजीपूरच्या अरण्यात शिकारीस जावे, हा त्यांचा विरंगुळा. परंतु शिकाऱ्याची दृष्टी सावजावर खिळलेली असते. मागे राहिलेल्या वाटेकडे तिचे लक्ष नसते. म्हणूनच शिकारीत रानभूल सहज पडते. अशा वेळी मोडलेली काडी आणि मातीतला माग ओळखणारा माणूसच खरा आधार.

ही विद्या फासेपारध्यांच्या अंगी पिढीजात होती. समाजाने मात्र त्यांच्या कपाळी चोरीचा शिक्का मारला होता. महाराजांनी त्यांना जवळ केले, आसरा दिला, पहाऱ्याच्या कामी विश्वासाने नेमले. १९०२ साली त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या राखून ठेवल्या. १९१८ साली महार, मांग, रामोशी व बेरड यांच्यावरील हजेरीची सक्ती उठवली. ज्याच्या भरवशावर रानात चालावे, त्यालाच गावात हीन लेखावे, हे त्यांच्या न्यायबुद्धीस मानवणारे नव्हते, असे आम्हांस वाटते.

६ मे १९२२ रोजी महाराज मुंबईत निवर्तले. १९५८ साली दाजीपूर अभयारण्य झाले. १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीस आळा बसला. तरी सहलीच्या निमित्ताने आपण रानात जातोच. निघण्यापूर्वी घरी ठिकाण सांगून ठेवावे. वाट चुकलीच, तर धावू नये; आहे तेथेच थांबावे. ओळखीची शेवटची खूण आठवावी. सोबत्यांनी एकमेकांस सोडू नये. थांबून थांबून तीनतीनदा शिटी वाजवावी. अंधार पडल्यावर चालू नये. आणि एखादा गुराखी वा धनगर भेटला, तर त्याची जात वा वेष न पाहता नम्रपणे वाट विचारावी. आमच्या मते, महाराजांच्या चरित्रातून घेण्याजोगा हाच धडा आहे.