टायफॉइड मेरी आणि पित्ताशयात दडलेला जंतू

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले की रुग्ण पहिल्यांदा पथ्य विचारतात. पूर्वी टायफॉइड झाला होता का, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. तो का, हे मेरी मॅलन या बाईच्या आयुष्यावरून कळते.

मेरीचा जन्म 1869 साली आयर्लंडमधील कुक्सटाउन येथे झाला. किशोरवयात ती अमेरिकेत गेली आणि न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत स्वयंपाक करू लागली. 1906 च्या उन्हाळ्यात ऑयस्टर बे येथील एका घरात 11 पैकी 6 जणांना टायफॉइड झाला. जॉर्ज सोपर यांनी तपास केला, तेव्हा मेरीने आधी काम केलेल्या बहुतेक घरांतही हाच आजार येऊन गेल्याचे आढळले. मेरी स्वतः मात्र ठणठणीत होती. चांगल्या शिजलेल्या अन्नात हे जंतू मरतात, त्यामुळे सोपर यांचा संशय तिने केलेल्या पीचच्या आइस्क्रीमवर गेला.

1907 मध्ये तिला ताब्यात घेतले. तिच्या शौचात टायफॉइडचे जंतू सापडले. डॉक्टरांनी पित्ताशय काढण्याचा सल्ला दिला. त्या काळी ही शस्त्रक्रिया जोखमीची होती आणि तिला कसलाच त्रास नव्हता, म्हणून तिने नकार दिला. तिला नॉर्थ ब्रदर बेटावर ठेवण्यात आले. स्वयंपाक न करण्याच्या अटीवर 1910 मध्ये सुटका झाली, पण इतर कामांत पैसे कमी मिळत. नाव बदलून ती पुन्हा स्वयंपाकघरात शिरली. 1915 मध्ये एका प्रसूती रुग्णालयात 25 जण आजारी पडले, त्यातील दोघे दगावले. त्यानंतर 11 नोव्हेंबर 1938 रोजी मृत्यू येईपर्यंत ती बेटावरच राहिली. तिच्यासारखे इतर अनेक वाहक तेव्हा मोकळे फिरत होते.

जंतू आणि खडे यांचा संबंध

टायफॉइडचे जंतू यकृतातून पित्तावाटे पित्ताशयात येतात. तिथे खडे असतील तर त्यांवर चिकट थर करून राहतात. या थरात औषध नीट पोहोचत नाही. काही खडे तयार होण्यातही जंतूंचा वाटा असतो. पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाला की जंतू पित्तातील बिलिरुबिन सुटे करतात, ते कॅल्शियमशी जोडले जाते आणि मऊ, तपकिरी खडे होतात. आपल्याकडे नेहमी आढळणारे कोलेस्टेरॉलचे खडे मात्र मुख्यतः पित्ताच्या घटकांतील असमतोलामुळे होतात.

आपण काय लक्षात ठेवावे?

- खडे असतील तर पूर्वीच्या टायफॉइडची माहिती डॉक्टरांना द्या.
- वाहक ओळखण्यासाठी शौचाची कल्चर तपासणी लागते, विडाल पुरेशी नाही.
- वाहकावर प्रतिजैविकांनी उपचार होतात. सोबत खडे असतील तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागू शकतो. त्रास न देणारा प्रत्येक खडा काढावाच लागतो असे नाही.
- ताप, कावीळ किंवा उजव्या बरगडीखाली तीव्र वेदना असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा.
- नगर जिल्ह्यात सप्ताहाच्या आणि लग्नाच्या पंगतींत शेकडो लोक जेवतात. वाढणाऱ्यांनी आणि स्वयंपाक करणाऱ्यांनी शौचानंतर साबणाने हात धुणे हाच मोठा बचाव.
- टायफॉइडची लस उपलब्ध आहे. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये 9 महिने ते 14 वर्षे वयाच्या मुलांसाठी तिची मोहीम सुरू केली होती.

वाहक असणे हा गुन्हा नाही. मेरीकडे नसलेले उपचार आज आपल्याकडे आहेत, म्हणून तपासणी टाळू नका.