घरच्या कंपोस्टमागचं ‘इंदूर मेथड’ : अल्बर्ट हॉवर्ड यांची गोष्ट

यूट्यूबवर ‘घरी कंपोस्ट कसं करायचं’ असं सर्च केलं की ढीगभर व्हिडिओ येतात. सगळ्यांचं सांगणं साधारण एकच. ओल्या कचऱ्यावर सुका कचरा टाका, अधूनमधून खालीवर करा, तीन महिने थांबा. कचऱ्यापासून खत करणं जुनंच आहे. पण त्याला मोजमाप लावून, कोणालाही करता येईल अशी पद्धत ज्यांनी लिहून काढली, त्यातलं मोठं नाव अल्बर्ट हॉवर्ड यांचं. आणि ती पद्धत तयार झाली आपल्या शेजारच्या इंदुरात.

हॉवर्ड यांचा जन्म 1873 चा, इंग्लंडमधल्या श्रॉपशायरमध्ये, शेतकऱ्याच्या घरी. लंडन आणि केंब्रिजमध्ये विज्ञान शिकून ते 1899 मध्ये वेस्ट इंडीजमध्ये नोकरीला गेले. पिकांना लागणाऱ्या बुरशीचा अभ्यास करायचा आणि शेतकऱ्यांना सल्ला द्यायचा, हे त्यांचं काम. त्यांना एक गोष्ट खटकायला लागली. सल्ला द्यायचा, पण तो वापरून बघायला स्वतःचं शेत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, टेस्ट न करताच कोड थेट ग्राहकाला पाठवायचा!

1905 मध्ये ते बिहारमधल्या पुसा इथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्याच वर्षी मुंबईत त्यांचं गॅब्रिएल मॅथाय यांच्याशी लग्न झालं. गॅब्रिएल स्वतः केंब्रिजच्या संशोधक होत्या आणि पुढची पंचवीस वर्षं दोघांनी बरोबरीनं काम केलं. गव्हाचे ‘पुसा’ वाण हे या जोडप्याचं गाजलेलं काम.

पुशात हॉवर्ड यांना प्रयोगासाठी जमीन मिळाली. आजूबाजूचे शेतकरी फवारणी करत नव्हते, तरी त्यांची पिकं बऱ्यापैकी निरोगी दिसायची. मग हॉवर्ड यांनी शेतकऱ्याला शिकवायचं सोडून त्याच्याकडून शिकायला सुरुवात केली. त्यांच्या लक्षात आलं की खरी गोम मातीत आहे. जंगलात पाला पडतो, कुजतो, परत मातीत जातो. शेतात मात्र आपण पीक काढून नेतो आणि मातीला परत काही देत नाही.

अडचण होती संस्थेच्या रचनेची. माती एका विभागाकडे, रोग दुसऱ्याकडे, किडे तिसऱ्याकडे. सगळ्याचा एकत्र विचार करणाऱ्या माणसाला जागाच नव्हती. शेवटी हॉवर्ड दांपत्यानं नवी संस्था उभी करायचं ठरवलं. कापूस समितीनं पैसा दिला, होळकर दरबारानं जमीन दिली आणि 1924 मध्ये इंदुरात संशोधन संस्था सुरू झाली.

इथला प्रश्न अगदी व्यवहारातला होता. गावात शेणाच्या गोवऱ्या थापून चुलीत जायच्या, त्यामुळे शेताला खत कमी पडायचं. दुसरीकडे पऱ्हाट्या, तण, पालापाचोळा असाच पडून असायचा. पऱ्हाट्या कडक, लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या चक्क रस्त्यावर पसरल्या जायच्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा व्हायचा. मग तो जनावरांखाली अंथरायचा, म्हणजे गोमूत्र त्यात मुरतं. नंतर दोन-तीन फूट खोल खड्ड्यात पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर. पाणी बेतानं. ढीग ठरावीक दिवसांनी उलटायचा. साधारण तीन महिन्यांत खत तयार.

यातली रासायनिक मोजमापं करण्यात हॉवर्ड यांचे सहकारी यशवंत वाड यांचा मोठा वाटा होता. ढिगाचं तापमान सुरुवातीला 65 अंश सेल्सिअसपर्यंत चढतं आणि मग हळूहळू उतरतं, हे त्यांनी नोंदवलं. 1931 मध्ये हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावानं पुस्तक आलं आणि ही पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. गॅब्रिएल मात्र ते पुस्तक पाहू शकल्या नाहीत. 1930 मध्येच त्या गेल्या.

हॉवर्ड 1931 मध्ये इंग्लंडला परतले. 1934 मध्ये ‘सर’ झाले, तरी रासायनिक खतांवर टीका केल्यामुळे अनेक शास्त्रज्ञांशी त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. माती सुधारली की रोग आपोआप टळतात, हा त्यांचा दावा पुराव्याच्या पुढे जाणारा होता, हेही खरं. पण 1940 च्या त्यांच्या पुस्तकानं सेंद्रिय शेतीच्या चळवळीला पाया दिला. 1947 मध्ये त्यांचं निधन झालं.

आता आपल्या बाल्कनीतल्या डब्याकडे या. शेण नाही, बैल नाहीत, पण लॉजिक तेच आहे. जिवाणूंना चार गोष्टी लागतात: कार्बन, नायट्रोजन, हवा आणि ओलावा. भाजीची देठं आणि फळांच्या साली नायट्रोजन देतात. वाळलेली पानं, पुठ्ठ्याचे तुकडे आणि भुसा कार्बन देतात. एक वाटी ओल्याला दोन वाट्या सुकं, हा सोपा हिशोब. शेणाऐवजी मूठभर जुनं कंपोस्ट विरजणासारखं घाला.

बिघाड झाला तर असा शोधा. कुजका वास येतोय? हवा कमी, पाणी जास्त. सुकं मिसळा आणि हलवा. आठवडे गेले तरी काहीच होत नाही? ढीग कोरडा असेल, पाणी शिंपडा. मूठभर घेऊन दाबलं की एखाद-दोन थेंब यावेत, इतकीच ओल हवी. एक फरक मात्र लक्षात ठेवा. इंदूरच्या खड्ड्याचा आकार मोठा, म्हणून उष्णता आत टिकायची. आपला डबा तितका तापत नाही. त्यामुळे मांस-मासे आणि तेलकट उरलंसुरलं त्यात नको.

डब्यात सेन्सर लावून मोबाइलवर तापमान बघायचं असेल तर जरूर बघा, मजा येते. पण झाकण उघडून वास घेणं आणि हातात घेऊन ओल तपासणं काही चुकत नाही. हॉवर्ड यांनीही आधी शेतात उभं राहून बघितलं, मोजमापं नंतर आली. आज रात्री भाजी निवडून झाली की देठं वेगळी ठेवा आणि सकाळी खालची वाळलेली पानं गोळा करून आणा. सुरुवातीला एवढं पुरे.