पैठणचे नाथ

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस, सुमारे ५० किलोमीटरवर, गोदातीरी पैठण वसले आहे. तेथील संत एकनाथ (१५३३–१५९९) आमच्या वाचकांना परके नाहीत. दौलताबादच्या किल्ल्यावर निजामशाहीची चाकरी करणारे जनार्दनस्वामी हे त्यांचे गुरू. संस्कृतातील ज्ञान मराठीत आणल्यामुळे सनातन्यांचा रोष त्यांना पत्करावा लागला. पुत्र हरिपंडितही त्यापायी घर सोडून काशीस गेले, असे परंपरा सांगते. १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कुणीही आपल्या ओव्यांची भर घालू नये, असे बजावून ठेवले.

आम्हांस मात्र सर्वाधिक मोलाचा वाटतो तो त्यांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’. दोघेही एकमेकांच्या देवधर्मातील विसंगतींवर निष्ठुरपणे बोट ठेवतात. तुर्काच्या तोंडी नाथांनी लटके आक्षेप घातलेले नाहीत. आपल्याच पुराणकथांवरील, मूर्तिपूजेवरील आणि सोवळ्या-ओवळ्यावरील घाव त्यांनी स्वतःच्या लेखणीने उतरवले. आणि तेही पैठणसारख्या कर्मठ शास्त्र्यांच्या नगरीत राहून! प्रतिपक्षाला इतके सामर्थ्य देणारे धर्मलेखक आमच्या वाचनात फारसे आलेले नाहीत. अखेरीस कोणीही आपला धर्म सोडत नाही. भांडून दमलेले ते दोघे एकमेकांस आलिंगन देतात.