आचार्य जगदीशचंद्र बोस : पाच मिलिमीटरच्या लहरींचे साधक

आज मोटारीतील रडार आणि नव्या पिढीचे दूरसंचार ज्या मिलिमीटर लहरींवर चालतात, त्या लहरींचे आद्य अभ्यासक आचार्य जगदीशचंद्र बोस होत. कडाव परिसरातील वाड्यावस्त्यांतून आमच्या वसतिगृहात शिकावयास येणाऱ्या मुलामुलींस त्यांचे चरित्र ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालातील मैमनसिंग येथे झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. तरीही त्यांनी मुलास प्रथम बंगाली पाठशाळेतच घातले. तेथे जगदीशचंद्रांच्या एका बाजूस मुसलमान शिपायाचा मुलगा बसे, दुसऱ्या बाजूस कोळ्याचा. हे सोबती घरी आले की आई सर्वांना सारखेच खाऊ घालीत असे.

केंब्रिजचे शिक्षण संपवून ते १८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथे भारतीय प्राध्यापकास युरोपीयापेक्षा कमी वेतन मिळे. बोसांनी ते नाकारले आणि तीन वर्षे बिनपगारी शिकविले. शिकविण्यात मात्र कसूर केली नाही. अखेर सरकारने त्यांस पूर्ण वेतन मागील थकबाकीसह दिले.

प्रयोगशाळा म्हणजे एक चिंचोळी खोली आणि मदतीस एक स्थानिक पत्रेकारागीर. एवढ्या सामग्रीवर त्यांनी सुमारे पाच मिलिमीटर लांबीच्या, म्हणजे ६० गीगाहर्ट्झच्या लहरी निर्माण केल्या. कर्ण्याच्या आकाराचे अँटेना घडविले. पिळलेल्या तागाच्या जुड्या आणि पानांमध्ये कथिलाचा वर्ख घातलेले रेल्वेचे वेळापत्रकही उपकरण म्हणून वापरले. १८९५ साली कलकत्त्यात त्यांनी भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजविली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले.

लहर टिपण्यासाठी त्यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरला. त्याचे अमेरिकी पेटंट १९०४ साली मिळाले. स्नेह्यांच्या आग्रहावाचून ते त्यांनी घेतलेही नसते. आजच्या डायोडचा हा पूर्वज. अतिवेगवान लहर जशीच्या तशी हाताळणे कठीण असते. म्हणून मिक्सरमध्ये डायोडच्या साहाय्याने तिच्यात यंत्रातीलच दुसरी लहर मिसळतात आणि दोहोंच्या कंपनसंख्येतील फरकाइतकी संथ लहर काढून घेतात. संतुलित मिक्सरमध्ये जुळे डायोड तराजूच्या पारड्यांप्रमाणे मांडलेले असतात. त्यामुळे यंत्रातील लहरीबरोबर येणारा गोंगाट परस्पर कटतो आणि बाहेरून आलेला संदेश उरतो. नखाहून लहान चिपवर हा तोल कंपनसंख्यांच्या विस्तृत पट्ट्यात सांभाळणे, ही आजच्या अभियंत्यांची कसोटी आहे. मिलिमीटरच्या अंशाचा फरकही पारडे झुकवितो.

३० नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट स्थापन केली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. अपुरी साधने ही ज्ञानसाधनेतील अडचण असू शकते. परंतु कमी लेखले जाणे मुकाट्याने मान्य करावयाचे नसते, हे दोन्ही धडे त्यांच्या एकाच आयुष्यात आम्हांस मिळतात.