नेव्हिल डिसोझा : मेलबर्नचे तीन गोल



आपल्या देपालपुरात मुलांच्या हातात बॅट लवकर येते, फुटबॉल क्वचितच. इंदूर जवळ असल्याने सी. के. नायडू आणि चार वेळा रणजी करंडक जिंकणारा होळकर संघ यांच्या गोष्टी ऐकतच आपली पिढी वाढली. खाशाबा जाधवांचे कांस्यपदकही आपल्याला ठाऊक आहे. पण नेव्हिल डिसोझा हे नाव काढले की घरातली मुले आमच्या तोंडाकडे बघत राहतात. म्हणून या वेळी त्यांच्याविषयी.

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ चा. घराणे गोव्यातल्या बार्देश तालुक्यातील आसगावचे. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि १९६१ च्या डिसेंबरपर्यंत राहिला. म्हणजे नेव्हिल भारताची जर्सी घालून ऑलिंपिकमध्ये उतरले, तेव्हा त्यांचे मूळ गाव अजून भारतात नव्हते. त्यांचा खेळ बहरला तो मुंबईत. टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळणारे हे सेंटर फॉरवर्ड पुढे भारतीय संघात आले.

त्या काळी फुटबॉलमध्ये हंगेरीचा दरारा होता. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. त्याच स्पर्धेत आपला संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला होता. आपले काही खेळाडू तर अनवाणी खेळले होते. १९५३ मध्ये पुश्काश, कोचिश, हिदेगकुटी यांच्या हंगेरीने इंग्लंडला वेम्बलीवर ६-३ असे हरवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताची पहिली गाठ पडणार होती ती नेमकी हंगेरीशी!

पण २३ ऑक्टोबर १९५६ रोजी बुडापेस्टमध्ये उठाव झाला आणि ४ नोव्हेंबरला रशियाचे रणगाडे शहरात शिरले. हंगेरीचा फुटबॉल संघ मेलबर्नला आलाच नाही. परदेशात असलेले पुश्काश, कोचिश आणि त्सिबोर मायदेशी परतले नाहीत. एक थोर संघ असा विखुरला. भारताला न खेळता पुढची फेरी मिळाली.

आमची नोकरी बँकेत गेली. कष्टाशिवाय खात्यात आलेल्या रकमेकडे आम्ही जरा संशयानेच बघतो. चूक लक्षात आली की उलट नोंद व्हायला वेळ लागत नाही. दुसऱ्याच्या दुःखातून आपल्याकडे आलेल्या या फेरीचेही तसेच झाले असते. पुढच्याच सामन्यात आपण हरलो असतो, तर नशिबाने आले आणि गेले, असेच सगळे म्हणाले असते.

१ डिसेंबर १९५६ रोजी समोर यजमान ऑस्ट्रेलिया होता आणि प्रेक्षकही त्यांचेच. भारताचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम आणि कर्णधार समर बॅनर्जी. नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी केली. नेव्हिल यांनी दुसरा केला, पुन्हा बरोबरी झाली. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत त्यांनी तिसरा गोल केला आणि पुढे किट्टू यांनी चौथा. भारत ४-२ ने जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे नेव्हिल पहिले आशियाई ठरले.

उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्ले होते, आणि या वेळी पहिला गोल भारताचा, तोही नेव्हिल यांचा. पुढे आपण ४-१ असे हरलो. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरवले. तरी भारत चौथा आला, आणि चार गोल करून नेव्हिल स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरले. सुवर्णपदक गेले सोव्हिएत संघाकडे. बुडापेस्टमध्ये ज्यांनी रणगाडे घातले, त्यांच्याच गळ्यात ते पडले, हेही इतिहासाने लिहून ठेवले आहे.

१९६० नंतर भारताचा पुरुष फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये पोहोचलेला नाही. त्यामुळे मेलबर्नचा तो चौथा क्रमांक आजही आपली ऑलिंपिकमधली सर्वोत्तम कामगिरी आहे.

नेव्हिल यांना दीर्घायुष्य लाभले नाही. १७ मार्च १९८० रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी ते गेले. मुंबईत वांद्र्याला फुटबॉलचे एक मैदान त्यांच्या नावाने आहे. तिथे मुले खेळतात.

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे नोकरी-शिक्षणासाठी मुंबईत आहेत. त्यांच्याकडे जाणे झाले, तर नातवाचा हात धरून एकदा त्या मैदानापर्यंत जावे आणि नावाच्या पाटीसमोर ही गोष्ट त्याला सांगावी. दार नशिबाने उघडते, हे खरे. पण आत गेल्यावर काय करायचे ते ज्याचे त्यालाच करावे लागते. नेव्हिल डिसोझांनी ते करून दाखवले.