दिवाणखान्यातला सेनापती

एच. जी. वेल्स म्हटले की आपल्याला आठवते ते कालयंत्र आणि मंगळावरून पृथ्वीवर चालून आलेले शत्रू. पण बोटाएवढे ऐतिहासिक सैनिक रंगवायचे, टेबलावर डोंगर-नद्या मांडायच्या आणि मित्रांशी लढाया खेळायच्या, असा छंद असणारी मंडळीही वेल्सलाच आपला मूळपुरुष मानतात.

त्याचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी इंग्लंडमधल्या ब्रॉम्ली गावी झाला. वडिलांचे चिनीमातीच्या भांड्यांचे आणि क्रिकेटच्या सामानाचे बेताचे दुकान होते. लहानपणी पाय मोडून अंथरुणाला खिळला असताना त्याला वाचनाचे वेड लागले. पुढे परिस्थितीपायी कापडाच्या दुकानात उमेदवारी करावी लागली. शिष्यवृत्तीच्या बळावर तो लंडनला गेला आणि थॉमस हक्स्लींकडे जीवशास्त्र शिकला. १८९५ साली ‘द टाइम मशीन’ प्रसिद्ध झाली आणि त्याचे दिवस पालटले. सँडगेटला समुद्राकाठी त्याने घर बांधले. १९०१ आणि १९०३ साली दोन मुलगे झाले.

मुलांबरोबर बाप जमिनीवर बसू लागला. त्या काळी ब्रिटन्स या कंपनीचे पोकळ शिशाचे, स्वस्त आणि सुबक सैनिक मिळत. सोबत स्प्रिंगची तोफही मिळे. ती लाकडाची इंचभर गोळी उडवी. एकदा जेवणानंतर एका लेखकमित्राने तोफ उचलून सैनिकांवर नेम धरला आणि खेळाला सुरुवात झाली. हा मित्र म्हणजे विनोदी लेखक जेरोम के. जेरोम, असे मानतात.

प्रशियाचे लष्करी अधिकारी १८२४ पासून नकाशावर युद्धाचा खेळ खेळत होते. वेल्सने तसला खेळ घराघरात आणला. ठोकळ्यांची घरे, डहाळ्यांची झाडे. पायदळाने एका डावात एक फूट जायचे, घोडदळाने दोन. अंतर मोजायला दोरी. प्रत्येक डावाला वेळेची मर्यादा. तोफेजवळ आपली चार माणसे नसली तर ती डागता येत नसे. हातघाईच्या लढाईत सुरुवातीला नाणे उडवीत. पुढे तेही बंद करून निकाल संख्याबळावर सोपवला. हे सारे नियम त्याने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात मांडले.

त्या गमतीच्या पुस्तकाचा शेवट मात्र गंभीर आहे. वेल्सने लष्करी अधिकाऱ्यांनाही हा खेळ खेळताना पाहिले होते. साध्या नियमांतही त्यांची तारांबळ उडे. मग खऱ्या रणांगणावर, खऱ्या माणसांच्या जिवावर हेच लोक काय करतील? युद्धाची हौस असणाऱ्यांनी ती दिवाणखान्यातच भागवावी, असे त्याचे म्हणणे होते.

जगाने ते ऐकले नाही. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. आणि खुद्द वेल्सनेच, हे युद्ध जगातली युद्धे संपवील, या आशेने त्याच्या बाजूने लेखणी उचलली. ती आशा फोल ठरली. उरलेले आयुष्य तो राष्ट्रांच्या एकजुटीसाठी आणि मानवी हक्कांसाठी लिहीत राहिला. अणुबाँबची कल्पना त्याने १९१४ च्या एका कादंबरीत केली होती; हिरोशिमावर तो पडलेला पाहणेही त्याच्या नशिबी आले. १३ ऑगस्ट १९४६ रोजी तो वारला.

त्याचा खेळ मात्र टिकला. त्यात पडलेला प्रत्येक शिपाई दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो. खऱ्या युद्धात तसे होत नाही, एवढेच त्याला सांगायचे होते.