चालत्या गणिताला थांबा देणाऱ्या बेट्टी होल्बर्टन

उजनीच्या फुगवट्यावरच्या गावांत चार-सहा शेतकऱ्यांनी मिळून पाइपलाइन टाकलेली असते. मोटार पाण्यावर, शेत दूर आत. टोकाला पाणी कमी पडू लागले, तर सगळी लाइन कोणी उकरत बसत नाही. मधला व्हॉल्व्ह बंद करायचा, इथपर्यंत पाणी नीट येते का पाहायचे, मग पुढे सरकायचे. संगणकाच्या प्रोग्राममधली चूकही अशीच शोधतात. चालता प्रोग्राम ठरल्या जागी थांबवून आतले आकडे तपासतात. या थांब्याला ब्रेकपॉइंट म्हणतात. त्याचे श्रेय बेट्टी होल्बर्टन यांना दिले जाते.

त्यांचा जन्म १९१७ चा, फिलाडेल्फियातला. माहेरचे आडनाव स्नायडर. गणित शिकायची हौस होती, पण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिल्याच दिवशी प्राध्यापकाने घरी बसून मुले सांभाळण्याचे सुचवले. त्या पत्रकारितेकडे वळल्या. मग महायुद्ध आले आणि तोफगोळ्यांच्या मार्गाची गणिते करायला लष्कराला मुलीच हव्या झाल्या. त्यांतल्या सहा जणी १९४५ मध्ये एनिॲक या अवाढव्य संगणकासाठी निवडल्या गेल्या. शिकवणारे पुस्तक नव्हते. यंत्राचे नकाशे वाचून त्या शिकल्या.

एनिॲकमध्ये प्रोग्राम म्हणजे तारांची जोडणी. एका भागाचे काम संपले की तारेतून पुढच्या भागाला इशारा जाई. ती तार उपटली की गणित तिथेच थांबे आणि दिव्यांवरून आकडे वाचता येत. म्हणून तो ब्रेकपॉइंट.

फेब्रुवारी १९४६ मध्ये यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक होते. आदल्या रात्रीपर्यंत एक चूक सापडत नव्हती: गोळा जमिनीवर पडल्यावरही गणित थांबेना, गोळा आपला जमिनीखाली चाललेलाच! बेट्टी घरी जाऊन झोपल्या आणि उठल्या त्या उत्तर घेऊनच. सकाळी येऊन त्यांनी एक स्विच बदलला. प्रात्यक्षिक गाजले, रात्रीच्या मेजवानीला मात्र या सहा जणींना बोलावणे नव्हते.

पुढे युनिव्हॅक संगणकासाठी त्यांनी सूचनांची भाषा आखली. माहितीची क्रमवारी लावणारा प्रोग्राम स्वतःच तयार करून देणारा प्रोग्रामही १९५१ मध्ये लिहिला. कळफलकाशेजारी आकड्यांच्या कळा असाव्यात, हा आग्रहही त्यांचाच.

आता तारा गेल्या, थांबा राहिला. आजचे प्रोग्राम बरीचशी कामे सामायिक लायब्ररीकडून करून घेतात. एकच लायब्ररी अनेक प्रोग्राम वापरतात. तिथे थांबा लावताना दोन अडचणी येतात. प्रोग्राम सुरू होईपर्यंत लायब्ररी स्मृतीत कुठे बसणार हे ठरलेले नसते. म्हणून चूक शोधणारे साधन, म्हणजे डीबगर, थांब्याची नोंद करून ठेवते आणि लायब्ररी आली की तो लावते. दुसरी अडचण शेजाऱ्यांची. पाइपलाइनचा व्हॉल्व्ह बंद केला की पुढच्या सगळ्यांचेच पाणी तुटते. संगणकात मात्र थांबा लिहिताच स्मृतीच्या तेवढ्या तुकड्याची वेगळी प्रत त्या एका प्रोग्रामपुरती तयार होते. तो थांबतो, बाकीचे चालू राहतात.

होल्बर्टन यांनी पुढे कोबोल आणि फोरट्रान या भाषांच्या प्रमाणीकरणातही काम केले. संगणक क्षेत्रातले दोन मोठे सन्मान त्यांना १९९७ मध्ये एकाच वर्षी मिळाले. तेव्हा त्या ऐंशी वर्षांच्या होत्या. डिसेंबर २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.